अर्जुनअण्णांची पाचटाची खोली

अर्जुनअण्णा कुठल्याही घरात शिरले की आधी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे. मग दारावर. मग पाण्याच्या घागरीवर. पाहुणचार नंतर. कुणी हसलंच तर म्हणायचे, "आवाज बघतोय." ऐकतोय नव्हे, बघतोय.

तेरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांच्याच घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतली. पहिल्या दिवशी माझी ट्रंक उतरवून घेताना त्यांनी ती वाजवून पाहिली आणि मान खाली घालून म्हणाले, "बाई, हिच्यात पुस्तकं कमी आन् कपडे जास्त हायत." खरंच होतं ते. मला आधी राग आला आणि मग हसू आवरेना.

बाहत्तरच्या दुष्काळाला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील, पण गावात काळ मोजायचा तो अजून त्याच मापानं. तेव्हा सरकारी सुकडी खायची आणि कामावर खडी फोडायची, म्हणून एखाद्याचं लग्न 'सुकडीच्या साली' झालेलं असायचं, एखादी म्हातारी 'खडीच्या साली' गेलेली असायची. अण्णा सहकारी साखर कारखान्यात वायरमन होते. त्यांचेच शब्द सांगायचे तर, "कारखाना समद्यांचा. सभासद खुर्चीवर, आमी शिडीवर." उंच, काटकुळे, खाकी शर्टाच्या खिशात टेस्टर आणि सायकलच्या दांडीला वायरचं वेटोळं. गावात कुणाचा रेडिओ बिघडला, कुणाची लाइट गेली, तर लोक त्यांच्याकडे यायचे, आणि ते असे निघायचे की जणू लाइट त्यांनीच घालवली आहे. नळाला पाणी आलं नाही तरी त्यांचा चेहरा उतरायचा. आमची घागर उचलून ते मुकाट्यानं लांबच्या विहिरीवर जायचे. या स्वभावाचा आम्ही सगळ्यांनी फायदा घेतला. नाही म्हणणं त्यांना येतच नव्हतं.

"सदा न् कदा मयताला निघाल्यागत तोंड," कमलवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या. "कुणी मारलंय का म्हणून इचारावं, तर न्हाई म्हणत्यात. मग तुमी कुणाला मारलंय का, तर गप."

गावात अण्णांची एक गायन पार्टी होती. तेरणाकाठ गायन पार्टी. जयंती, बुद्धपौर्णिमा, लग्नं, बारशी, सगळीकडे तिला बोलावणं असायचं. बेंजोवर गफूरचाचा, ढोलकीवर बाबू आणि पेटीवर अण्णा. गायला वस्तीतली दोन-तीन पोरं. अण्णा स्वतः कधी तोंड उघडत नसत. कोरसमध्येसुद्धा नाही. जुनी माणसं मला सांगायची, "बाई, तुमी ह्येचं गाणं ऐकलं न्हाई. माळावरून ऐकू यायचं." मी विचारलं तर अण्णा म्हणाले, "घसा गेला." घसा कुठं गेला होता? भाजीवाल्याला हाक मारताना तर खणखणीत लागायचा.

घराच्या मागं ज्वारी ठेवायची एक जुनी खोली होती. दुष्काळात ती रिकामी झाली आणि नंतर कधी पुरती भरलीच नाही. त्या खोलीत अण्णांनी रेकॉर्डिंगचं ठिकाण बांधायला घेतलं होतं. सोलापूरच्या जुन्या बाजारातून स्पूलचा टेप आणलेला. मोडक्या रेडिओंचे भाग जोडून एका लाकडी पेटीत मिक्सर केलेला. भिंतींना साखरेची रिकामी पोती लावलेली, आणि त्या पोत्यांत उसाचं पाचट ठासून भरलेलं. पत्रा उन्हात तडतड वाजायचा म्हणून वरही पाचटाचा थर. पाचट कारखान्याच्या वाटेवर कितीही मिळायचं. ते सायकलला बांधून यायचे तेव्हा मागून सायकल दिसायचीच नाही, नुसता भारा चालत यायचा.

तरीही आवाज पोकळ येतो म्हणून त्यांनी वस्तीत घरोघर जाऊन जुन्या वाकळा मागितल्या. बायकांनी आधी थट्टा केली, मग एकेक करून आणून दिल्या. लुगड्यांच्या तुकड्यांनी शिवलेल्या त्या वाकळा त्यांनी चारी भिंतींवर ठोकल्या. आत शिरलं की बाहेरचं जग बंद व्हायचं. आपलाच श्वास कानात यायचा. वास उसाचा आणि जुन्या कापडाचा. अण्णा तिथं टाळी वाजवून दाखवायचे आणि म्हणायचे, "बघा. भाकरी तव्यावरनं काढल्यागत आवाज पायजे. ऊन. न्हाई तर पुण्यामुंबैला काचंच्या खोल्या असत्यात. तिथं गार पडतो माणूस."

खोली तयार झाली. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. अण्णा रोज तिथली धूळ झटकायचे, टेपचं डोकं कापसानं पुसायचे, आणि दार लावून घ्यायचे. एकही गाणं भरलं नाही. पार्टीतली पोरं कंटाळली. बाबू उघड चिडायचा. मला राहवेना. एके दिवशी गफूरचाचा ओट्यावर बेंजोच्या तारा बदलत बसले होते, त्यांना मी विचारलं.

"क्या सांगू बाई तुमाला," चाचा म्हणाले आणि तार हातात धरूनच राहिले. मग त्यांनी सांगितलं ते असं.

अण्णांना एक थोरली बहीण. शेवंताआक्का. आई लवकर गेली, आक्कानंच अण्णांना वाढवलं. पुढं ती तामलवाडीला दिली. दुष्काळात तिकडं काम मिळेना, तेव्हा ती नवऱ्याला आणि पोराला घेऊन माहेरी आली आणि तलावाच्या कामावर खडी फोडायला बसली. खडी फोडता फोडता तिनं गाणं रचलं. चाल तिची, शब्द तिचे. हातोडीचा ठेका.

हातोडीच्या ठेक्यावर बाई, जन्म फोडला दगडाचा
तान्हेल्या गं लेकराला, घोट पाजला सावलीचा

कामावरच्या बायका मागं म्हणायच्या. अण्णा आणि आक्का दोघं मिळून ते गाणं जयंतीत गायचे. दुष्काळ सरल्यावर एकदा पुण्याहून तबकड्या काढणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा माणूस आला, त्यानं ऐकलं आणि बोलावणं धाडलं. आक्का, अण्णा आणि चाचा एस्टीनं पुण्याला गेले.

"वहां काच थी बाई. काचेच्या पलीकडं साहेब. आक्कानं एकदा गायलं. साहेब बाहेर आला न् बोलला, बाईंचा आवाज जाडा आहे, ऐकणाऱ्याला टोचतो. आमच्याकडं एक मुलगी आहे, ती गाईल. तुम्ही दोघं चला आत."

"मग अण्णा काय म्हणाले?"

"हां बी न्हाई बोलला, ना बी न्हाई बोलला. चपला बघत राहिला." चाचांनी मान हलवली. "मैं भी कुछ नहीं बोला बाई. ते बी सांगतो. मला बी तबकडीवर वाजवायचं होतं."

त्या मुलीला चाल येत नव्हती. मग साहेबानं आक्कालाच सांगितलं, हिला शिकवा. बाहेरच्या बाकावर बसून आक्कानं तिला स्वतःचं गाणं शिकवलं. कुठं श्वास घ्यायचा, कुठं हातोडी पडते, सगळं. मुलगी चांगली होती बिचारी, आक्काच्या पाया पडून आत गेली. तिच्या पाठोपाठ अण्णा आणि चाचाही. आक्का बाकावर बसून राहिली. आतून तिचं गाणं दुसऱ्या आवाजात बाहेर येत होतं. 'बाई'च्या जागी साहेबानं 'सखे' घातलं होतं.

"परतीच्या एस्टीत अर्जुनला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर सुटला असता तो. तिनं गठुडं सोडलं, भाकरी मोडली आन् अर्धी त्येच्या हातावर ठेवली. बोलली, खा, भूक लागली आसंल."

तेव्हापासून आक्का गायली नाही. जात्यावरसुद्धा नाही. आणि अण्णांनीही तोंड मिटलं.

पुढं एकदा मला सोलापूरला जायचं होतं आणि अण्णा तामलवाडीला निघाले होते. तुळजापूरमार्गे दोघांची एस्टी एकच. वहिनी म्हणाल्या, "बाई, वाटेत उतरा न् ह्यांची आक्का बघून जा. मागच्या गाडीनं जावा." म्हणून मी उतरले.

आक्का अंगणात तूर पाखडत होत्या. रुंद खांद्याची, पिकल्या केसांची बाई. भावाला बघून सुपाचा हात थांबला नाही.

"कशाला आलास? कारखाना बंद पडला का?"

"न्हाई आक्का. सहज."

"सहज म्हणून दर महिन्याला एस्टी झिजवतोस व्हय? आन् हे काय? साखर? मागची हाय अजून. मुंग्यांला घालू?"

अण्णा उंबऱ्याशी मान खाली घालून बसले. मी आक्कांचा आवाज ऐकत होते. जाडा होता खरा. नव्या घोंगडीसारखा. अंगावर घेतली की आधी टोचते, मग ऊब येते.

"खोली झाली आक्का," अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले.

"बरं झालं. गा मग."

"तू आल्याबिगर न्हाई."

सूप थांबलं. "माझा आवाज जाडा हाय अर्जुना. तुझ्या टेपाच्या मिशनीला सोसायचा न्हाई."

 अण्णांच्या डोळ्यांतलं पाणी त्यांच्याच पायांवर पडलेलं मी पाहिलं. आक्कांनीही पाहिलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि मला म्हणाल्या, "तुमी जेवून जा बाई. ह्येला बी वाढते. उपाशी गेला तर पुढल्या बारीला ते तोंड आणखी लांब करून येईल."

बहिणीला दुखवलेल्या भावाची दया मला आली होती. पण सोलापूरच्या गाडीत बसल्यावर डोळ्यांपुढं राहिली ती आक्काच. भाऊ गेल्यावर ती पुन्हा सूप हातात घेईल की नाही, हे मला सांगता येईना.

ती आली ती अण्णांमुळं नाही. गफूरचाचांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. बेंजोची पट्टी बोटाखालून निसटायची. एक दिवस ते कुणाला न सांगता एस्टीत बसले आणि तामलवाडीला जाऊन आक्काच्या दारात उभे राहिले. काय बोलले ते त्यांनी मला नंतर सांगितलं. "मैं बोला, आक्का, तू गात न्हाई, तो गात न्हाई, आन् आमाला बी गाऊ देत न्हाई. माझा हात चालला. अब तू बोल."

जयंती होऊन गेली होती. कारखान्याचा पट्टा पडला होता, म्हणजे गाळप संपून अण्णा दुपारचे घरी असायचे. भर उन्हात चाचांच्या मागून आक्का दारात आल्या, काखेत गठुडं. अण्णा उठून उभे राहिले. पाया पडायला वाकले तर आक्का मागं सरल्या.

"अपराध तुझा, आन् सजा समद्यांला व्हय रं?"

आक्कांनी चाचांचा उजवा हात वर धरला.

"ह्या म्हाताऱ्याचा हात बघितलास? तुझ्यापायी थांबलाय का तो हात? खोली कुठंय?"

अण्णांनी दार उघडलं. आक्का आत गेल्या. एका वाकळेवर त्यांनी हात ठेवला, दुसऱ्या वाकळेवर ठेवला. एक लुगडं ओळखलं असावं, कारण तिथं हात जरा थांबला. मग म्हणाल्या, "गाते. पर तू माझ्याकडं बघायचं न्हाई. तुझं ते पडलेलं तोंड दिसलं की माझा सूर पडतो."

म्हणून टेपच्या आणि माइकच्या मधे एक घोंगडी टांगली गेली. पलीकडं अण्णा, अलीकडं आम्ही. कोरसला कमलवहिनी आणि मी. आम्ही दुपारी भरायचो, कारण त्या वैशाखाच्या उन्हात गाव गपगार पडलेलं असायचं. अण्णांनी स्वतः जाऊन पिठाच्या गिरणीवाल्याची समजूत घातली आणि त्यानं दुपारची गिरणी बंद ठेवली. शेळ्या लांब नेऊन बांधल्या. पंखा लावायची सोय नव्हती, त्याचा आवाज आला असता. घामानं आमची लुगडी अंगाला चिकटायची. एक गाणं झालं की दार उघडून सगळे बाहेर यायचे आणि माठावर तुटून पडायचे.

पहिल्या दिवशी आक्कांचा आवाज लागला नाही. वरच्या सुरात गेला की फाटायचा. त्या थांबायच्या, घसा खाकरायच्या, पुन्हा फाटायचा.  शेवटी चाचा म्हणाले, "पट्टी उतार दो." पट्टी खाली आणली. आक्कांनी डोळे मिटले आणि तिथून त्यांचा आवाज निघाला. किती वर्षांचा साठलेला, जड, खालून येणारा. मी कोरसचं विसरून ऐकत राहिले आणि वहिनींनी मला चिमटा काढला.

एका गाण्यात आक्कांच्या काकणांचा आवाज आला. बाबू म्हणाला, पुन्हा भरू. घोंगडीपलीकडून पहिल्यांदा अण्णांचा आवाज आला, "राहू दे. गाणाऱ्या बाईच्या हातात काकणं असत्यात."

खडीचं गाणं आक्कांनी शेवटी ठेवलं होतं. बाबूनं ढोलकी बाजूला ठेवली आणि एका दगडावर दुसऱ्या दगडानं ठेका धरला. 'घोट पाजला सावलीचा' म्हणताना आक्कांचा आवाज कापला नाही, माझाच कापला. गाणं संपलं. आम्ही टेप बंद व्हायची वाट पाहत राहिलो. तो बंद होईना. फट, फट, फट असा आवाज यायला लागला. चाचांनी घोंगडी सारली. फीत संपून स्पूल मोकळं फिरत होतं आणि तिचं टोक आपटत होतं. अण्णा गुडघ्यांत डोकं घालून बसले होते.

आक्कांनी पदरानं घाम पुसला. "झालं का रडून? आता कॅसेटची एक बाजू माझी भरली. दुसरी तुझी."

"न्हाई आक्का."

"का?"

"माझा हक न्हाई."

मग आक्का बोलल्या. तो आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "अर्जुना, माझं दुखणं म्या कवाच गिळलं. तू मातर दर महिन्याला येऊन ते माझ्या अंगणात वर काढतोस. तू गेलास की दिसभर मला काम सुचत न्हाई. तुझी समजूत मीच काढायची, तुला जेवू मीच घालायचं. पुण्यात तू गप बसलास, ती एक चूक. हे जे चालवलंयस ना, ही दुसरी. आन् ही मोठी हाय."

"मग मी करू तरी काय?"

"ते बी मीच सांगू?"

 अण्णांनी तोंड उघडलं, मला वाटलं आता गातील. पण त्यांनी फक्त फितीचं टोक उचललं आणि पुन्हा स्पूलला गुंडाळायला लागले. आक्का उठून बाहेर निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं त्या तामलवाडीला परतल्या. अण्णा गठुडं घेऊन स्टँडपर्यंत त्यांच्या मागं मागं गेले. 

दुसरी बाजू पोरांनी आणि चाचांच्या बेंजोनं भरली. कॅसेटचं नाव ठेवलं 'सावलीचा घोट'. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या गुरुजींनी कागदावर तलाव आणि बाभळ काढून दिली. आक्कांचं नाव मोठ्या अक्षरात, खाली सगळ्यांची. अण्णांचं कुठंच नाही. ध्वनिमुद्रणापुढं त्यांनी नुसतं 'घरचं' असं लिहायला लावलं. स्पूलवरून एकेक कॅसेट घरीच उतरवायची, त्यामुळं काम हळूहळू चालायचं, पण पुढच्या जयंतीला ती धाराशिवच्या स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलांत वाजत होती. जळकोटच्या धाब्यावर थांबणारे ट्रकवाले मागून घ्यायला लागले. तामलवाडीत पारावर लावली तेव्हा आक्कांचे मालक सगळं ऐकून म्हणाले म्हणे, "ही आपल्या घरातली व्हय?" आणि आक्कांनी निरोप धाडला, "बरं झालंय. पर दुसऱ्या गाण्यात ढोलकी लई पुढं हाय."

लोक अण्णांना थांबवून शाबासकी द्यायचे. ते ओशाळायचे. मला वाटलं होतं, आता हा माणूस मोकळा होईल. एकदा ओट्यावर मी तसं म्हटलंही. त्यांनी खिशातला टेस्टर काढला.

"बाई, त्या कॅसेटमधी तिची धाप ऐकू येती. मधी मधी. तुमाला कळायची न्हाई. तरण्या आवाजात ती नव्हती. जी वर्षं गेली ती माझ्या गप बसण्यात गेली. ती कुठल्या फितीवर भरू?"

  आक्का म्हणाल्या ते खरं होतं आणि अण्णा म्हणाले तेही खोटं नव्हतं. त्यांच्या घरात राहून मला वाटायला लागलं होतं की काही माणसं पश्चात्ताप करत नाहीत, त्यातच बिऱ्हाड करून राहतात. आणि दारात आलेल्या माणसालाही तिथंच बसवतात.

पुढं माझी बदली झाली. लग्न झालं. गफूरचाचा गेल्याचं कुणाकडून तरी कळलं, तेव्हा मी लांब होते, जाता आलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी सोलापूरहून तुळजापूरकडं चालले होते. एस्टी तामलवाडीच्या फाट्यावर थांबली. मंगळवारचा दिवस असावा, गाडी देवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी भरलेली. खिडकीतून पाहिलं तर लिंबाच्या झाडाखाली घोळका जमलेला. मधे शेवंताआक्का, केस पांढरेशुभ्र, आणि समोर अर्जुनअण्णा. अण्णांच्या हातात दावं, दाव्याला एक पांढरी शेळी. अण्णांनी ती गाभण म्हणून बाजारातून आणली होती आणि ती गाभण नव्हती, एवढं मला त्या आरडाओरड्यातून कळलं.

"तुला डोळं हायत का गारगोट्या?" आक्का ओरडत होत्या.

"तूच म्हणालीस पांढरी आन!"

"पांढरी म्हणाले, भाकड म्हणाले व्हय?"

"तूच म्हणालीस! ह्या समद्यांच्या म्होरं इचार! कवा बी माझ्या नावानं बोंब!" अण्णांचा आवाज एवढा चढला होता की गाडीतली माणसं वाकून बघायला लागली. एवढी वर्षं मी खालीच पाहिलेली मान ताठ, बोट हवेत, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. आक्काही मागं हटत नव्हत्या. दोघांच्या मधे उभी राहून शेळी निवांतपणे आक्कांचा पदर चघळत होती.

मी हाक मारणार होते. मारली नाही. कंडक्टरनं घंटी दिली, गाडी हलली, आणि मी मान बाहेर काढून पाहत राहिले. फाटा दिसेनासा झाला तरी दोघांतलं कुणी थांबलं नव्हतं.